सोनाबाईंची जाळी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी भाषण करणारी बाई नाही. शाळा सातवीपर्यंत झाली. पुढे लग्न, शेत, लेकरे. मंडळात आजवर माझे काम सतरंज्या घालण्याचे आणि चहाच्या पातेल्याजवळ बसण्याचे. यंदा बोलणारी बाई चिठ्ठ्या टाकून निवडायची असे ठरले आणि चिठ्ठी नेमकी माझी निघाली. विषय तुझ्या मनाचा घे, असे सांगितले. मी म्हटले, मातीवर बोलते. तेव्हा दोघीतिघी हसल्या. मातीवर काय बोलायचे, ती तर रोज पायाखाली आहे, असे त्यांना वाटले असेल. मलाही तसेच वाटत असे.

गेल्या दिवाळीला माझी भाची आली होती. ती चित्रकलेच्या मास्तरणीचा कोर्स करते. भाकरी थापता थापता तिने मोबाईलवर एका घराचे फोटो दाखवले. मातीचे घर, पडवीच्या खांबाखांबांमध्ये मातीची जाळी, आणि जाळीच्या प्रत्येक गोलात काही ना काही बसलेले. कुठे पाखरू, कुठे साप, कुठे माकड, कुठे बासरी वाजवणारा पोरगा. भिंतीवर ढोलकीवाले, बाया, गुरे. लाल, पिवळा, निळा रंग. तव्यावरची भाकर करपली तरी मला भान राहिले नाही. मी विचारले, हे कोणत्या देवळातले? ती म्हणाली, मावशी, देवळातले नाही. एका बाईने आपल्या राहत्या घरात हे केले आहे, कुणी न सांगता, कुणी न शिकवता. तिचे नाव सोनाबाई रजवार.

मग भाचीने मला त्यांची सगळी हकीकत तीन रात्री वाचून दाखवली. तीच आज तुम्हाला सांगते.

सोनाबाई छत्तीसगडच्या सरगुजा जिल्ह्यातल्या. गाव पुहपुटरा, अंबिकापूरच्या बाजूला. जन्म सुमारे १९३० चा. सुमारे म्हणायचे, कारण तारीख कुणी लिहून ठेवली नव्हती. आपल्याकडच्या म्हाताऱ्यांची तरी कुठे असते? सरगुजा तुम्हाला लांब वाटेल आणि ते आहेच. पण एक गोष्ट ऐका. सरगुजा हे आधी राजाचे संस्थान होते. १९४८ साली ते मध्यप्रांत-वऱ्हाडात सामील झाले, आणि आपला बुलढाणा जिल्हाही त्याच प्रांतात होता. १९५६ सालापर्यंत त्यांची आणि आपली राजधानी एकच, नागपूर. म्हणजे आपल्या आजेसासवा ज्या राज्यात सारवण करीत होत्या, त्याच राज्यात सोनाबाईही करीत होत्या. एवढे कळल्यावर मला त्या जरा आपल्या वाटू लागल्या.

रजवार ही शेती करणारी जात. तिकडे पौष महिन्यात, धान घरात आल्यावर, छेरता नावाचा सण असतो. त्याआधी बाया घर डागडुजून घेतात, भिंती लिंपतात, त्यावर पांढरी माती फिरवतात आणि ती ओली असतानाच बोटांनी नक्षी ओढतात. आपण दसरा-दिवाळीला करतो त्यातलाच प्रकार. सोनाबाईंनी लहानपणी एवढेच पाहिले होते. मूर्ती करणारे त्यांच्या घरात कुणी नव्हते.

लहान वयात लग्न झाले. नवरा वयाने बराच मोठा. बऱ्याच वर्षांनी एक मुलगा झाला, दरोगाराम. नवऱ्याने गावाच्या कडेला, शेजारपाजार नाही अशा जागी, नवे घर बांधले आणि बायकोला त्या घरात ठेवले. बाहेर पडायचे नाही. कुणाला भेटायचे नाही. माहेरच्यांनाही नाही. हे एक-दोन वर्षे नाही, पंधरा वर्षे चालले.

इथे मी जरा थांबते. पंधरा वर्षे म्हणजे काय, ते आपण बायाच मोजू शकतो. पाण्याला जाणे नाही, बाजार नाही, हळदीकुंकू नाही, मयतीला जाणे नाही. भुलाबाईची गाणी नाहीत. कुणाच्या बाळंतपणाला धावणे नाही. घरात आपण आणि एक लेकरू. माझे दीर-जाऊ आठ दिवस गावाला गेले तर घर खायला उठते.

लेकराला खेळणी नव्हती. जत्रेतून आणायची तर जत्रा नाही. घराच्या आत अंगण होते आणि अंगणात विहीर होती. विहिरीच्या काठची ओली माती घेऊन सोनाबाईंनी पोरासाठी बाहुल्या केल्या, जनावरे केली. इथपर्यंत आपल्यातल्या पुष्कळ जणींनी केले आहे. पोळ्याला बैल नसलेल्या घरी मातीचे बैल करतातच. पण सोनाबाई थांबल्या नाहीत. बाहुली झाली, मग भिंतीवर पाखरू, मग पाखराला बसायला झाड, मग झाडाखाली माणसे. ज्या माणसांना भेटता येत नव्हते ती एकेक करून भिंतीवर आली. हे माझे म्हणणे आहे, त्या स्वतः असे बोलल्या की नाही ते सोडा.

आणि मग ती जाळी. उन्हाळ्यात घर तापायचे. पडवी उघडी ठेवली तर ऊन थेट आत, बंद केली तर वारा बंद. सोनाबाईंनी बांबूच्या पातळ कामट्या काढल्या, त्या वाकवून गोल कडी केली, कडीला कडी बांधली. कड्यांची एक ओळ, तिच्यावर दुसरी. अशी आख्खी चौकट झाली की तिच्यावर गारा चढवला. वाळला की भेगा पडतात. त्या भेगा भरून पुन्हा हात. मग वरून पांढरी माती, मग रंग. रंग तरी कुठून आणणार? घरातली मसाल्याची पूड, झाडाचा पाला, जमिनीतली रंगीत माती, जे हाताशी होते ते वाटून त्यांनी रंग काढले. ही जाळी बसली तशी पडवीत सावली आली आणि वाराही आला. उन्हाचे कवडसे गोल गोल होऊन सारवलेल्या जमिनीवर पडू लागले. फोटोत ते दिसतात.

आपल्याकडे अशी जाळी नाही, पण हात तेच आहेत. तुराट्यांचा कूड आठवा. तुराट्या उभ्या बांधायच्या आणि दोन्ही बाजूंनी गारा लिंपायचा. कणगी आठवा. बुरडाकडून आणायची, शेणमातीने आतून बाहेरून लिंपायची. आत कामटी, वर माती. सोनाबाईंची विद्या एवढीच होती. फरक एवढाच की आपण भोके बुजवतो आणि त्यांनी भोके ठेवली.

भाचीने मला एक बारकावा समजावला. मातीच्या कामात दोन जाती. एक भाजलेली, एक कच्ची. कुंभाराचा आवा पेटतो तेव्हा मडके सहाशे अंशांच्याही वर तापते, आणि मातीच्या अंगातले मुरलेले पाणीसुद्धा निघून जाते. मग ते मडके फुटेल, पण पाण्यात टाकले तरी पुन्हा चिखल होणार नाही. चिनीमातीची भट्टी तर बाराशे-तेराशे अंशांपर्यंत नेतात. ते वेगळे शास्त्र आहे. पुण्याच्या निर्मला पटवर्धन शांतिनिकेतनात शिकल्या, परदेशातही शिकल्या, आणि त्यांनी मातीची भांडी करणाऱ्यांसाठी इंग्रजीत पुस्तक लिहिले. ते १९८४ साली निघाले. मराठी घरातली बाई भट्टीपाशी उभी राहून हे शास्त्र लिहिते, हेही मला नवे होते. आपल्याकडे कुंभाराच्या घरी माती चाळणे, तुडवणे, राख मिसळणे बाईकडे, आणि चाकावर बसणार पुरुष. मणिपुरात मात्र बाया चाकाशिवाय, हातानेच मडकी घडवतात. तिथल्या नीलमणी देवींना २००७ साली पद्मश्री मिळाली.

सोनाबाईंचे काम कच्चे. भट्टी नाही. म्हणजे पावसाची ओल, उंदीर, वाळवी, लेकराचा धक्का, सगळ्याची भीती. दर वर्षी कुठे ना कुठे तडा, दर वर्षी पुन्हा हात फिरवायचा. एकदा करून मोकळे झाले असे कधीच नाही. पुरुष मंडळींना हे समजायला अवघड जाईल, पण जिने चूल घातली आहे तिला समजेल. चूल घातली म्हणून काम संपते का? रोज सकाळी पोतेरे.

पंधरा वर्षांनी बंधन सैल झाले. बाया घरात येऊ लागल्या. पण बाहेरच्या जगाला काही कळले नाही. अशी आणखी पंधरा वर्षे गेली.

१९८२ साली भोपाळला भारत भवन सुरू झाले. तिथल्या कलेच्या संग्रहाचे काम जगदीश स्वामीनाथन नावाच्या चित्रकाराकडे होते. त्यांनी तरुण मुलामुलींना खेड्यापाड्यांत धाडले. जा, लोक काय काय करतात ते पाहून या, असे सांगून. त्यातली काही मंडळी फिरत फिरत पुहपुटऱ्याला आली आणि त्यांनी ते घर पाहिले. ते साल १९८३. सोनाबाई तेव्हा पन्नाशीच्या पुढे होत्या. त्याच साली त्यांना राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. १९८६ साली त्या मुलासोबत अमेरिकेला गेल्या, सॅन डिएगो शहरातल्या संग्रहालयात काम करून दाखवायला. १९९९ साली ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांचे काम मांडले गेले. ज्या बाईला उंबरा ओलांडायची परवानगी नव्हती ती विमानात बसली! मला मेहकरला एकटीने जायचे म्हटले तर घरी आधी तीनदा सांगावे लागते.

गावातल्या बायकांना, पोरांना त्यांनी हे काम शिकवले. मुलगा दरोगाराम आणि सून याच कामात पडले. आज त्या भागात ही भिंतीवरची कला करणारी पुष्कळ घरे आहेत. २००७ साली सोनाबाई वारल्या. दोन वर्षांनी त्याच सॅन डिएगोच्या संग्रहालयात फक्त त्यांच्या एकटीच्या कामाचे प्रदर्शन भरले.

आता माझे एक भांडण आहे, ते बोलून टाकते. हे ऐकून आमच्या घरातले एक वडीलधारे म्हणाले, पहा, कोंडून ठेवली म्हणून एवढी मोठी झाली, नाही तर गप्पा मारण्यात जन्म गेला असता. मला हे मुळीच पटले नाही. कोंडल्याने कला येत असती तर आपल्या गावात केवढ्या कलावंत बाया निघाल्या असत्या! सोनाबाईंच्या हातात ते होतेच. कोंडल्याने काय झाले, तर तीस वर्षे कुणी पाहिले नाही. शेजारणी असत्या तर त्यांनी पाहिले असते, नावे ठेवली असती, शिकल्या असत्या, चार घरी तशी जाळी झाली असती. आपल्या खानदेशच्या बहिणाबाई चौधरी कोंडलेल्या नव्हत्या. शेतात, जात्यावर मोकळ्याने गात होत्या. तरी त्यांची गाणी छापून निघाली १९५२ साली, त्या वारल्यानंतर. म्हणजे दार उघडे असून भागत नाही. कुणीतरी पाहावे लागते.

आता जे सांगायचे ते मला जड जाते. पण चिठ्ठी निघाली तेव्हाच मनात आले होते की हे सांगायचे.

माझ्या सासूबाई इथे पहिल्या ओळीत बसल्या आहेत. मी त्यांना आत्याबाई म्हणते. तुम्ही सगळ्या त्यांना ओळखता. आमच्या आळीतल्या निम्म्या चुली त्यांच्या हातच्या होत्या. बहात्तरच्या दुष्काळात नवी नवरी म्हणून खडी फोडायला गेलेली ही बाई. संध्याकाळी त्याच हातांनी घर लिंपायची. आमचे जुने घर धाब्याचे. माजघरात दिवळीच्या भोवती आत्याबाईंनी गाऱ्याची वेल काढली होती, उठावाची. वेलीवर दोन पोपट. एक पोपट मान वळवून मागे पाहणारा. खाली पाणी भरायला निघालेली बाई, डोक्यावर घागर, कमरेवर लेकरू. कणगीवरसुद्धा मोर होता. भुलाबाई-भुलोजी त्या घरीच करायच्या. आता आपण मेहकरच्या बाजारातून रंगवलेले आणतो.

मी लग्न होऊन आले तेव्हा ती भिंत पाहिली होती. पाहिली म्हणजे झाडताना पाहिली. पोपटाच्या चोचीत जाळे धरते, म्हणून कुंच्याने झटकायची. वीस वर्षांत मी त्यांना एकदाही विचारले नाही की आत्याबाई, हे तुम्ही केव्हा केले, कसे केले.

मग आम्हाला घरकुल मिळाले. जुने घर पाडायचे होते. मजूर लावला तर रोज द्यावा लागतो, म्हणून आतल्या भिंती आम्हीच पाडायच्या ठरवल्या. नव्या घराची हौस मला होती, लपवत नाही. गळक्या धाब्याला मी कंटाळले होते. दर पावसाळ्यात रात्री उठून भांडी लावायची. त्यामुळे पहार हातात घेतली तेव्हा मला आनंदच होता. दिवळीची ती भिंत मी माझ्या हाताने पाडली. दोन-तीन घावांत आली खाली. आत्याबाई बाहेर निंबाखाली तूर निवडीत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. पांढरी माती शेताला चांगली, म्हणून ती गाडीत भरून नाल्याकाठच्या वावरात टाकली. त्या वर्षी तिथली ज्वारी बरी आली, एवढेच आम्ही बोललो.

भाचीने फोटो दाखवले त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी मी मोबाईल घेऊन आत्याबाईंजवळ गेले. त्यांना आता कमी दिसते. डोळ्यांजवळ धरून त्यांनी एकेक फोटो पाहिला. मला वाटले होते, त्या म्हणतील, वा, काय सुंदर. त्या म्हणाल्या, "हे गोल कशाचे व? कामटीचे असन. हिनं गारा घट्ट धरला. म्हनून खाली नाही आला." मग एका फोटोवर बोट ठेवून, "इथं चुकली. इथं वाळू जास्त झाली, तडकलं पाहा." सॅन डिएगोपर्यंत गेलेल्या कामात आमच्या आत्याबाईंनी तडा शोधला! मी हसले. आणि मग त्यांनी मला विचारले, "आपला पोपट कुठी टाकला होता?"

मी म्हटले, नाल्याच्या वावरात.

"मान वाकडी केली होती त्याची," त्या म्हणाल्या. "सरळ मान जमत नव्हती. तीनदा पडली. मग म्हटलं, पाहू दे मांगं."

एवढे बोलून त्यांनी तंबाखूची पिशवी उघडली.

मी त्यांची माफी मागितली नाही. घरात सासू-सुनांमध्ये माफी कुठे मागतात? पण आज चार जणींसमोर सांगते की ती भिंत मी पाडली आणि पाडताना तिच्याकडे पाहिले नाही.

घरकुलाच्या भिंतीवर वेल काढा म्हटले तर त्या ऐकत नाहीत. सिमेटावर माती धरत नाही, म्हणतात, आणि खरेच धरत नाही, वाळली की पोपडा सुटतो. पण मागे शेळ्यांचा गोठा आहे. त्याची एक बाजू उघडी आहे आणि दुपारचे ऊन सरळ आत येते. बुरडाकडून मी बांबू चिरून आणला आहे. पहिल्या दिवशी मी कड्या वाळक्या कामटीच्या केल्या, त्या सगळ्या मोडल्या. आत्याबाईंनी आधी कामट्या पाण्यात भिजवायला लावल्या. आता सतरा कड्या बांधून झाल्या आहेत. आत्याबाईंचे हात कापतात, त्यामुळे गारा मी चढवणार आणि त्या बाजेवर बसून सांगणार. गाऱ्यात कुटार किती, शेण किती, किती दिवस सडवायचे, हे मी वहीत उतरवून घेत आहे. प्रमाण विचारले तर म्हणतात, हाताला कळते. मग मी त्यांच्या हाताने घालून घेते आणि मापट्याने मोजते.

आपल्या मंडळात पासष्टीच्या पुढच्या चौदा जणी आहेत. त्यांतल्या कुणी कणग्या लिंपल्या, कुणी दिवळ्या काढल्या, कुणाला भुलाबाई घडवता येते, हे मंडळाच्या कुठल्याच वहीत नाही. सेक्रेटरीबाईंना माझी विनंती आहे की एवढे एक पान या वर्षी लिहून घ्यावे. नाव आणि काय येते, एवढेच.

गारा रविवारी दुपारी चढवायचा आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी जुने लुगडे नेसून यावे. पाणी आमच्याकडे आहे, पण घमेली दोनच आहेत. एखादे घमेले सोबत आणले तर बरे होईल.